अँड्रॉइडवर कस्टम कर्नल आणि फर्मवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती प्रामुख्याने शाओमी-पोको, पिक्सेल आणि सॅमसंगच्या फोन-टॅबलेटसाठी आहे. आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा.

कर्नल बदलला म्हणजे नेमकं काय बदललं? रॉम तीच राहते का?

हो, रॉम, म्हणजे अँड्रॉइडची बाकी सगळी सिस्टीम, तीच राहते. ॲप्स, फोटो, सेटिंग, मेनू यातल्या कशालाही हात लागत नाही. कर्नल बसतो 'बूट' नावाच्या पार्टिशनमध्ये (फोनच्या साठवणीतल्या वेगळ्या कप्प्यात), आणि ते पार्टिशन फोनागणिक साधारण ६४ ते १९२ एमबीचं असतं. प्रोसेसरचा वेग, मेमरी, चार्जिंग, टच, वायफाय, कॅमेरा यांच्याशी बोलणारा थर हाच. बदल दिसत नाही, पण तो चुकला तर फोन चालूच होत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा. कर्नल, त्याची मॉड्यूल्स (वेगळ्या फायलींत ठेवलेले ड्रायव्हर) आणि फोनचं फर्मवेअर ही तिन्ही एकमेकांना जुळणारी हवीत. पुढच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी या तिघांतला बेबनावच असतो.

मग फर्मवेअर म्हणजे काय? ओडिनने (सॅमसंगची रॉम टाकायच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरने) टाकतात ते, की वेगळं काही?

सॅमसंगवाले संपूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, रॉमलाच फर्मवेअर म्हणतात. कस्टम रॉम आणि कर्नल बनवणारे 'आधी फर्मवेअर अपडेट करा' म्हणतात, तेव्हा त्यांना मोडेम (नेटवर्क), ट्रस्टझोन (चिपमधला सुरक्षित भाग), बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम), डीएसपी (सिग्नल हाताळणारी चिप), ब्लूटूथ यांच्या प्रतिमा, म्हणजे इमेज फायली, अभिप्रेत असतात. या चिपसेट आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांकडून सही होऊन येतात. त्या कोणाला घरी बनवता येत नाहीत. त्यामुळे 'कस्टम मोडेम फर्मवेअर, नेटवर्क दुप्पट' असं कोणी देत असेल तर तिकडे फिरकू नका. ते दुसऱ्या प्रदेशातल्या फोनचं नुसतं उचललेलं मोडेम असतं.

कर्नल बदलून बॅटरी किती वाढेल?

फार अपेक्षा ठेवू नका. बॅटरी मुख्यतः स्क्रीन आणि नेटवर्क खातं, आणि ती दोन्ही कर्नल बदलून कमी होत नाहीत. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या फोनवर कंपन्यांचे कर्नल ढिसाळ असायचे, तेव्हा फरक जाणवायचा. आता स्टॉक कर्नलमध्येच स्केडयुटिल गव्हर्नर (कामाप्रमाणे सीपीयूचा वेग ठरवणारा भाग) आणि ऊर्जेचा हिशेब ठेवणारं शेड्युलिंग असतं.

ओव्हरक्लॉकिंगचंही, म्हणजे वेग मुद्दाम वाढवण्याचंही, तेच. स्नॅपड्रॅगन ८४५ आणि त्यानंतरच्या चिप्सवर सीपीयूच्या वेगाचा आणि व्होल्टेजचा तक्ता हार्डवेअर-फर्मवेअरच्या ताब्यात असतो, कर्नल त्यातून फक्त निवड करतो. अशा फोनसाठी 'सीपीयू अंडरव्होल्ट केलेला कर्नल' अशी जाहिरात दिसली तर शंका घ्या. जीपीयूच्या बाबतीत थोडा वाव असतो, तोही जपून.

कर्नल बदलण्याची खरी कारणं वेगळी आहेत. जुन्या फोनवर सुरक्षेच्या दुरुस्त्या आणणं, वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) थेट कर्नलमध्ये घेणं, कर्नलएसयू (कर्नलमधूनच रूट, म्हणजे फोनवर पूर्ण अधिकार, देणारं साधन) वापरणं, झेडरॅमसाठी (रॅममधली दाबून ठेवलेली जागा) चांगलं कॉम्प्रेशन मिळवणं. यातलं पहिलं कारण सगळ्यात मोलाचं आहे. पोको एफ१ ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आला, त्याचा कर्नल ४.९ मालिकेतला. या मालिकेचा अधिकृत पाठिंबा जानेवारी २०२३ मध्ये संपला. ४.१४ चा जानेवारी २०२४ मध्ये आणि ४.१९ चा डिसेंबर २०२४ मध्ये. यापुढे अशा फोनवर दुरुस्त्या आल्या तर त्या एखाद्या चिकाटीच्या डेव्हलपरने हाताने आणलेल्याच असतील.

माझ्या फोनचा बूटलोडर अनलॉक होईल का?

अनलॉक म्हणजे कंपनीची सही नसलेल्या प्रतिमाही फोनला चालवू देणं. कर्नल निवडण्याच्या आधी हे तपासा, कारण इथेच अर्ध्या लोकांचा प्रवास थांबतो.

पिक्सेलवर सोपं आहे. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडा, ओईएम अनलॉकिंग सुरू करा, कॉम्प्युटरवरून 'एडीबी रीबूट बूटलोडर' आणि मग 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' द्या (एडीबी आणि फास्टबूट ही कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारी साधनं). व्हॉल्यूमच्या बटणाने निवडून पॉवर बटणाने होकार द्या. काही नेटवर्क कंपन्यांमार्फत विकलेल्या पिक्सेलमध्ये हा पर्याय करडा आणि बंद दिसतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेला फोन असेल तर हे आधी पाहा.

शाओमी, रेडमी, पोकोसाठी एमआय खातं फोनला जोडावं लागतं, तेही वायफाय बंद ठेवून सिमच्या इंटरनेटवर. मग वाट पाहायची. बरीच वर्षं ही मुदत १६८ तासांची असायची. हायपरओएस (शाओमीची नवी सिस्टीम) आल्यापासून अटी कडक झाल्या आणि २०२५ पासून एका खात्यावर वर्षाला एकच फोन अनलॉक होतो. मुदत चालू असताना खातं लॉगआउट केलं किंवा फोन रीसेट केला तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

सॅमसंगचे अमेरिका आणि कॅनडातले स्नॅपड्रॅगन फोन अनलॉक होत नाहीत. भारतातले व्हायचे, पण सॅमसंगच्या वन यूआय सिस्टीमच्या ८ व्या आवृत्तीत ओईएम अनलॉकचा पर्यायच काढून टाकला गेला. जुन्या वन यूआयवर असाल आणि अनलॉक करायचा विचार असेल तर अपडेट दाबण्याआधी नीट विचार करा. विवोचा अधिकृत मार्ग नाही. 'पैसे द्या, अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्याला फोन सोपवू नका.

अनलॉक केल्यावर काय काय जातं?

डेटा सगळा जातो. पुसण्याची ही क्रिया टाळता येत नाही, ती सुरक्षेसाठीच आहे.

बऱ्याच फोनवर वाइडवाइन (चित्रपटांची कॉपी रोखणारं संरक्षण) एल१ वरून एल३ वर उतरतं, मग चित्रपटांच्या ॲपमध्ये एचडी मिळत नाही. सॅमसंगवर कस्टम प्रतिमा टाकली की नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा) फ्यूज ०x१ होतो आणि तो कायमचा. पुन्हा स्टॉक रॉम टाकली तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट परत येत नाही.

प्ले इंटिग्रिटीची (फोनमध्ये छेडछाड झाली नाही ना हे पाहणारी गूगलची) तपासणी अनलॉक फोनवर अडते, म्हणून बँकेची आणि यूपीआयची ॲप्स रुसतात. लपवाछपवीची मॉड्यूल्स मिळतात, पण आज चालणारा उपाय पुढच्या महिन्यात बंद पडतो. ज्या फोनवर पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि किराण्याचे पैसे जातात, तो एकुलता एक फोन या प्रयोगाला घेऊ नका. दुसरा, जुना फोन घ्या.

सुरुवातीआधी कशाकशाचा बॅकअप घ्यायचा?

फोटो-कॉन्टॅक्ट तर घ्याच. पण लोक विसरतात त्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या.

एक, आत्ता फोनवर जी बिल्ड आहे *नेमक्या त्याच* बिल्डची स्टॉक बूट प्रतिमा. 'जवळपासची' चालत नाही. शाओमीची फास्टबूट रॉम उघडली की इमेजेस फोल्डरमध्ये ती मिळते. ओटीए (कंपनीकडून फोनवर थेट येणारा अपडेट) झिपमध्ये पेलोड डॉट बिन असेल तर पेलोड डंपर हे साधन वापरून काढा. सॅमसंगच्या एपी फाइलमध्ये (रॉमच्या मुख्य फाइलमध्ये) ती एलझेड४ या पद्धतीने दाबलेली असते. सोबत डीटीबीओ (हार्डवेअरचं वर्णन), व्हेंडर बूट, इनिट बूट, व्हीबीमेटा (पडताळणीची माहिती) या प्रतिमांतलं जे असेल तेही काढून कॉम्प्युटरवर ठेवा. फोनमध्येच ठेवलंत तर ऐन वेळी त्याचा उपयोग नाही.

दोन, आयएमईआय आणि सेन्सरच्या माहितीची पार्टिशन्स. क्वालकॉम फोनवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट. सॅमसंगवर ईएफएस. रूट मिळाल्यावर किंवा कस्टम रिकव्हरीतून (दुरुस्तीसाठी वेगळी सुरू होणारी छोटी सिस्टीम) डीडी या आज्ञेने यांच्या प्रती काढा. त्या प्रत्येक फोनच्या वेगळ्या असतात, मित्राच्या फोनच्या उपयोगी पडत नाहीत. पर्सिस्ट पुसलं गेलं की सेन्सर भरकटतात आणि वाइडवाइनही बिघडू शकतं. स्वतःची प्रत स्वतःच्या फोनवर परत टाकणं ही दुरुस्ती आहे. आयएमईआय बदलणं हा मात्र भारतात दूरसंचार कायदा २०२३ खाली गुन्हा आहे.

कोणता कर्नल माझ्या फोनला चालेल, हे कसं ओळखायचं?

सेटिंगमध्ये 'फोनविषयी' खाली कर्नल आवृत्ती पाहा. तिथे ५.१०.१०१-अँड्रॉइड१२-९ असं काही दिसलं तर तुमचा फोन जीकेआय प्रकारचा आहे, म्हणजे गाभा गूगलचा आणि कंपनीचा भाग मॉड्यूल्समध्ये. अशा फोनवर जुळवायच्या गोष्टी तीन : ५.१०, अँड्रॉइड१२ आणि शेवटचा ९. मधला १०१ वेगळा असला तरी चालतो.

इथे हमखास चूक होते. फोनवर अँड्रॉइड १४ चालतंय म्हणून लोक अँड्रॉइड१४ लिहिलेला कर्नल टाकतात. कर्नलच्या नावातला अँड्रॉइड१२ हा कर्नलच्या शाखेचा आहे. अँड्रॉइड १२ घेऊन बाजारात आलेला फोन अपडेट होत १४ वर पोहोचला तरी कर्नल बहुधा अँड्रॉइड१२-५.१० चाच राहतो. सेटिंगमधली कर्नलची ओळ प्रमाण मानायची.

बूट प्रतिमा थेट टाकणार असाल तर दाबण्याचा प्रकारही जुळवा : न दाबलेली, जीझेड किंवा एलझेड४. स्टॉक प्रतिमा मॅजिस्कबूट या साधनाने उघडली की प्रकार समजतो. सुरक्षा पॅचची तारीखही स्टॉकपेक्षा जुनी नको. चाव्या सांभाळणारा भाग या तारखेशी बांधलेला असतो. जुनी तारीख दिसली की तो डेटा उलगडायला नकार देऊ शकतो, आणि लोकांना वाटतं डेटा उडाला. योग्य प्रतिमा परत टाकली की बहुधा सगळं जागेवर असतं. तेव्हा घाईघाईत फॉरमॅट करू नका.

४.९, ४.१४, ४.१९ अशा जुन्या कर्नलच्या फोनवर मात्र खास त्या मॉडेलसाठी बांधलेलाच कर्नल लागतो. सांकेतिक नाव पाहा : पोको एफ१ म्हणजे बेरिलियम, शाओमी पॅड ५ म्हणजे नाबू. कर्नल मियुआयसाठी (शाओमीची जुनी सिस्टीम) आहे की एओएसपी (गूगलच्या मूळ अँड्रॉइडवर बांधलेल्या) रॉमसाठी, तेही वाचा. दोन्हींना एकच कर्नल चालेल असं नाही.

प्रत्यक्ष टाकायचा कसा?

बॅटरी निदान ६० टक्के हवी. नंतर तीनपैकी एक वाट.

पहिली, एनीकर्नल३ ची झिप. ही झिप तुमचीच बूट प्रतिमा उघडते, त्यातला कर्नल बदलते आणि परत बांधते. त्यामुळे रॅमडिस्क (सुरू होताना लागणाऱ्या फायली) आणि तिच्यातलं मॅजिस्कही (रूट देणारं साधन) सहसा शाबूत राहतं. कस्टम रिकव्हरीत 'एडीबी साइडलोड' निवडून कॉम्प्युटरवरून झिप पाठवा. फोन आधीच रूट असेल तर कर्नल फ्लॅशर ॲपमधूनही होतं. झिपच्या आतली एनीकर्नल डॉट एसएच ही फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहायची सवय लावा. त्यात डिव्हाइसचेक समोर १ असतो आणि खाली चालणाऱ्या फोनची सांकेतिक नावं. 'अनसपोर्टेड डिव्हाइस' असा संदेश आला की काही जण तो १ खोडून ० करतात. तो आकडा तुमच्या फोनच्या रक्षणासाठी आहे. बदलू नका.

दुसरी, फास्टबूट. 'फास्टबूट फ्लॅश बूट' आणि पुढे फाइलचं नाव. त्याआधी शक्य असेल तर 'फास्टबूट बूट' आणि फाइलचं नाव देऊन पाहा. यात कर्नल एकदाच तात्पुरता चालतो, फोनवर लिहिला जात नाही. बिघडलं तर पॉवर बटण दाबून धरा, फोन पुन्हा जुन्या कर्नलवर. काही कंपन्यांनी ही आज्ञा बंद केली आहे, पण चालत असेल तर याहून चांगली चाचणी नाही.

तिसरी वाट नव्या पिक्सेलची. तिथे कर्नलसोबत डीटीबीओ, व्हेंडर कर्नल बूट आणि व्हेंडर डीएलकेएम (मॉड्यूल्सची प्रतिमा) अशा अनेक प्रतिमा येतात. व्हेंडर डीएलकेएम हे सुपर नावाच्या मोठ्या पार्टिशनच्या पोटात असल्याने ते साध्या फास्टबूटमधून लिहिता येत नाही. 'फास्टबूट रीबूट फास्टबूट' देऊन फास्टबूटडीमध्ये (फास्टबूटच्या दुसऱ्या प्रकारात) जावं लागतं. शिवाय व्हीबीमेटाची पडताळणी बंद करावी लागते, आणि काही फोनवर पहिल्यांदा ती बंद करताना डेटा पुसावा लागतो. म्हणून बूटलोडर अनलॉक केल्या-केल्या, फोन रिकामा असतानाच हे उरकून घ्या.

कॉम्प्युटर फोन ओळखतच नाही. 'वेटिंग फॉर डिव्हाइस' वर अडकतं.

केबल बदला, यूएसबी २ च्या पोर्टला लावा, विंडोजवर गूगलचा यूएसबी ड्रायव्हर हाताने निवडा. काही रायझन प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर फास्टबूट मध्येच तुटतं. मध्ये साधा यूएसबी २ हब लावला की बहुधा चालतं. लिनक्सवर हा त्रास कमी.

कर्नल टाकला, फोन चालू झाला, पण वायफाय गेलं. काय झालं?

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. वायफायचा ड्रायव्हर बऱ्याच फोनवर वेगळं मॉड्यूल म्हणून व्हेंडर (कंपनीच्या) भागात पडून असतो. कर्नल सुरू झाल्यावर तो मॉड्यूल चढवायला जातो. प्रत्येक मॉड्यूलमध्ये कर्नलच्या कोणत्या फंक्शनची कोणती खूण अपेक्षित आहे याची नोंद असते. खूण जुळली नाही की मॉड्यूल नाकारलं जातं. डीमेसजीमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या आज्ञेत) 'डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिंबल' अशी ओळ दिसली की निदान झालं समजा.

कारणं ठरलेली आहेत. रॉम अपडेट झाली आणि मॉड्यूल्स नवी आली, पण कर्नल जुनाच राहिला. किंवा जीकेआय शाखेचा शेवटचा आकडा चुकला. किंवा कर्नलसोबत आलेली व्हेंडर डीएलकेएम प्रतिमा टाकायचीच राहिली. उपाय एकच : त्या रॉमच्या त्याच आवृत्तीसाठीचा कर्नल घ्या, नाहीतर स्टॉक बूट परत टाका. वायफायची सेटिंग रीसेट करून किंवा कॅशे पुसून हे सुटत नाही, त्यात वेळ घालवू नका.

वायफाय चालतं पण सिम दिसत नाही, आवाज जात नाही किंवा फिंगरप्रिंट बंद पडतं, तेव्हा संशय फर्मवेअरवर घ्या. डेव्हलपरने कर्नलच्या सूचनांमध्ये कोणत्या स्टॉक आवृत्तीचं फर्मवेअर पायाभूत धरलंय ते पाहा.

टच चालत नसेल तर पॅनल पाहा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कंपन्यांचे डिस्प्ले येतात. पोको एफ१ मध्ये टियानमा आणि ईबीबीजी असे दोन आहेत. दुरुस्तीत बाजारातला स्वस्त डिस्प्ले बसवला असेल तर त्याचा टच ड्रायव्हर कस्टम कर्नलमध्ये नसण्याची शक्यता मोठी.

फोन लोगोवरच अडकला. डेड झाला का?

नाही. लोगो दिसतोय आणि फास्टबूट उघडतंय म्हणजे फोन पूर्ण शाबूत आहे. 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणणाऱ्या दुकानात धावायची गरज नाही.

पॉवर आणि व्हॉल्यूम कमी ही बटणं धरून फास्टबूटमध्ये या. बॅकअपमधली स्टॉक बूट प्रतिमा टाका. डीटीबीओ आणि व्हेंडर बूटही बदललं असेल तर तीही परत टाका. फक्त बूट परत टाकून फोन अडकलेलाच राहिला, अशा वेळी बहुधा डीटीबीओ विसरलेलं असतं. ए आणि बी स्लॉटच्या (सिस्टीमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) फोनवर 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' देऊन आपण कोणत्या बाजूला आहोत ते पाहा. बऱ्याचदा दुरुस्ती 'ए' मध्ये होते आणि फोन 'बी' मधून सुरू व्हायला पाहत असतो.

नवं फर्मवेअर आवडलं नाही. जुन्यावर जाता येतं का?

याचं उत्तर तपासल्याशिवाय पाऊल उचलू नका. बूटलूप (लोगोवरच अडकणं) सुटतो, अँटी-रोलबॅकने (जुन्या आवृत्तीवर जाऊ न देणाऱ्या कुलपाने) मेलेला फोन सहसा सुटत नाही.

शाओमीवर 'फास्टबूट गेटव्हार अँटी' द्या. येणारा आकडा रॉमच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर ती रॉम टाकायची नाही. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर हा आकडा ४ झाला आणि जुनी रॉम टाकणाऱ्यांचे फोन थेट बंद पडले. सॅमसंगवर बिल्डच्या नावात शेवटून पाचवं अक्षर पाहा. तो बायनरीचा क्रमांक. त्याहून लहान क्रमांकाची रॉम ओडिन नाकारतं.

पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ सोबत ही अट आली. तिथे खुबी अशी की अपडेट एका स्लॉटवर होतं, दुसऱ्यावर जुना बूटलोडर राहतो. काही बिनसून फोन त्या स्लॉटवर गेला तर उठतच नाही. म्हणून दोन्ही स्लॉटवर नवा बूटलोडर टाकून घ्यायचा.

टॅबलेटसाठी काही वेगळं?

पद्धत तीच. वायफाय आणि एलटीई मॉडेल मात्र एकमेकांच्या फायलींवर चालत नाहीत. गॅलेक्सी टॅब एस६ लाइटचा पी६१० वायफायचा, पी६१५ सिमचा. ओडिनमध्ये डेटा राखायचा असेल तर सीएससीच्या (प्रदेशाच्या सेटिंगच्या फाइलच्या) जागी होम सीएससी फाइल निवडा.

स्क्रीन काळी, काहीच दिसत नाही, कॉम्प्युटरवर ९००८ दिसतं.

तो क्वालकॉमचा आपत्कालीन मोड. त्यातून लिहायला त्या चिपसाठी सही केलेली फायरहोज फाइल लागते, आणि शाओमीवर अधिकृत खातंही. सेवा केंद्र हाच सरळ मार्ग.

बूटलोडर परत लॉक करू का?

कस्टम कर्नल असताना कधीही नाही. पडताळणी फसते आणि फोन सुरू होत नाही. आधी संपूर्ण स्टॉक रॉम टाका, फोन एकदा नीट चालू करा, मगच लॉक करा. चीनमधल्या शाओमी फोनवर ग्लोबल रॉम टाकून लॉक केलं तरी तेच होतं. पिक्सेलवर स्वतःची चावी नोंदवून लॉक करता येतं, ग्राफीनओएस ही कस्टम रॉम तसंच करते, पण त्यासाठी सगळ्या प्रतिमांवर त्याच चावीची सही लागते.

ओटीए अपडेट आला. दाबू का?

आधी स्टॉक बूट आणि जे-जे बदललं ते परत टाका, मग अपडेट घ्या, मग नव्या बिल्डची बूट प्रतिमा काढून ठेवा आणि नव्या बिल्डला जुळणारा कर्नल आला असेल तरच टाका. नसेल आला तर स्टॉकवर थांबा.

डेव्हलपर 'लॉग द्या' म्हणतो. कोणता आणि कसा काढायचा?

फोन चालू असेल तर रूट शेलमधून डीमेसजी. फोन अचानक रीबूट होत असेल तर तो लॉग निरुपयोगी, कारण तो नव्या सुरुवातीचा असतो. तेव्हा रूट शेलमधून सिस, एफएस, पीस्टोअर या फोल्डरमध्ये जा. तिथे कन्सोल-रॅमूप्स नावाची फाइल असते. कोसळण्याआधीच्या शेवटच्या ओळी तिच्यात राहतात. ही माहिती रॅमच्या राखीव कोपऱ्यात असते, म्हणून फोन पूर्ण बंद केला की पुसली जाते. कोसळल्यावर फोन आपोआप उठू द्या, चार्जर काढून बंद करू नका आणि उठल्या-उठल्या फाइल कॉपी करा.

सोबत मॉडेलचं सांकेतिक नाव, रॉम आणि बिल्ड, फर्मवेअरची आवृत्ती, कर्नलच्या झिपचं पूर्ण नाव आणि स्टॉक कर्नलवर तोच त्रास होतो का, हे लिहा. शेवटचा मुद्दा तपासूनच कळवा. डेव्हलपर पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.